बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा : जुन्या गाड्यांच्या चार्जिंगवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं चार्जिंगची असतात. वायपर चालू, दुपारीच हेडलाइट लावायला लागतात, ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर रांगते आणि घरी आल्यावर सेल्फ मारला की टक् एवढाच आवाज. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं, "बॅटरी नवीन टाकली तरी तेच." टाकीत पाणी येत नाही म्हणून टाकीच बदलायची आणि मोटर चालते का ते बघायचंच नाही, असा हा प्रकार आहे. म्हणून यावेळी सगळी चार्जिंगचीच पत्रं एकत्र घेतली. एक अट मात्र आहे, चारपाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणून ठेवा, तो नसेल तर खालचं वाचून काही उपयोग नाही.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६८ ची अँबॅसेडर मार्क टू आहे, डायनॅमोवाली (डायनॅमो म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र). दोन महिने झाले, गाडी चांगली पळत असतानाही डॅशबोर्डचा लाल दिवा मंद जळत राहतो आणि तीनचार दिवसांनी बॅटरी उतरते. आधी बॅटरी नवीन टाकली, मग इलेक्ट्रिशियनने कटआऊट (डायनॅमो आणि बॅटरीच्या मधला काळा डबा) बदलला, फरक शून्य. आता तो म्हणतो डायनॅमो फेकून द्या, अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेलं नव्या पद्धतीचं जनित्र) बसवून देतो. मला गाडी ओरिजिनल ठेवायची आहे. (नाशिक)

उत्तर : फेकू नका, थांबा जरा. तुमच्या लाल दिव्यानेच अर्धं उत्तर दिलंय. या दिव्याचं एक टोक इग्निशनच्या बाजूला म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवर असतं आणि दुसरं टोक डायनॅमोच्या डी टर्मिनलवर. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज झालं की दिव्यातून करंट जायला जागाच राहत नाही, तो विझतो. म्हणजे दिवा मंद जळतोय याचा अर्थ एवढाच की दोन टोकांत व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक आहे, कोणती बाजू कमी ते दिवा सांगत नाही. ते तुम्ही शोधायचं. रात्री बोनेट बंद करून गाडी जागेवरच रेस करा आणि दिव्याकडे बघा. रेस वाढवल्यावर दिवा मंद होत विझत असेल तर डायनॅमो कमी पडतोय. आणि रेस वाढवली की दिवा उलट वाढत असेल, हेडलाइट लावल्यावर अजूनच वाढत असेल, तर डायनॅमो बिचारा करंट बनवतोय पण तो बॅटरीपर्यंत पोचत नाहीये, वाटेत कुठेतरी कनेक्शन जळालंय. माझा संशय या दुसऱ्यावरच आहे, कारण तुम्ही बॅटरी बदलली, कटआऊट बदलला, पण वायर आणि थिम्बल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) कोणी बघितल्याचं पत्रात कुठेच नाही.

आता क्रमाने जाऊ. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या खाली गेली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीच टेस्ट खरी नसते. मग फॅन बेल्ट. सर्वात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. त्यापेक्षा ढिला असेल तर लोड आल्यावर घसरतो, आणि फार ताणला तर डायनॅमोचं बेअरिंग खातो. बेल्टच्या आतल्या बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताण कितीही द्या, तो घसरणारच, बदला.

मग डायनॅमो एकटा तपासायचा. त्याच्या मागे दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि छोटं एफ. दोन्ही वायर काढा, डी आणि एफ एका छोट्या वायरने एकमेकांना जोडा, आणि मीटर एकीकडे या जोडाला आणि दुसरीकडे डायनॅमोच्या बॉडीला लावा. गाडी चालू करा, सावकाश रेस वाढवा. व्होल्टेज धक्के न खाता भराभर वर चढलं पाहिजे. २० व्होल्टपर्यंत गेलं की बस्स, तिथे थांबा, उगाच रेस करत राहू नका कारण आता त्याला आवरायला कटआऊट मध्ये नाहीये. काहीच आलं नाही तर कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट घेणारे ब्रश) अडकलेत किंवा संपलेत. अर्धा-एक व्होल्ट येऊन थांबलं तर फील्ड कॉइल (बाहेरची, चुंबक तयार करणारी कॉइल) बघा, आणि चारपाच व्होल्टवर अडलं तर आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगवर संशय घ्या. हे ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनॅमोचं झालं, तुमच्या गाडीत तोच असणार. फियाटवाल्यांनी मात्र हे डोळे झाकून करू नये, तिथल्या टर्मिनलवर ५१ आणि ६७ असे आकडे असतात आणि त्याची टेस्ट त्याच्या मॅन्युअलप्रमाणे करायची.

डायनॅमो पास झाला तर जोडणी तशीच ठेवून, म्हणजे डी-एफ जोडलेले आणि दोन्ही वायर परत लावलेल्या, कटआऊटच्या बाजूची टोकं काढून तिथे एकेका वायरवर मीटर लावा. डायनॅमोवर जे व्होल्टेज मिळालं तेच इथेही मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर ती वायर गेली, पन्नासएक वर्षांच्या वायरीचं इन्सुलेशन वरून ठीक दिसतं पण आत तांबं हिरवं झालेलं असतं. झाल्यावर डायनॅमोवरची ती छोटी वायर काढायला विसरू नका, तशीच राहिली तर व्होल्टेज मोकाट सुटेल आणि बल्ब एकामागून एक जातील.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर मग कटआऊट. आपण ज्याला कटआऊट म्हणतो त्या काळ्या डब्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक व्होल्टेज रेग्युलेटर, आणि दुसरा खरा कटआऊट, जो डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेल्यावर दोघांना जोडतो आणि खाली आल्यावर तोडतो. नवीन बसवलेल्या डब्यात सर्वात आधी ई टर्मिनलची अर्थिंग बघा, रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रू फिरवून दिलेली अर्थिंग ही अर्थिंग नसते. मग ए आणि ए-१ वरच्या वायर काढून त्या दोघी एकमेकींना जोडा, म्हणजे इग्निशन चालू राहील, आणि मीटर डी आणि ई मध्ये लावून रेस हळूहळू वाढवा. २० अंशाच्या हवेत १६ ते १६.६ व्होल्टवर आकडा स्थिर व्हायला पाहिजे, ४० अंशाच्या उन्हात तोच १५.८ ते १६.४. हा आकडा बघून घाबरू नका, हे मोकळ्या सर्किटचं व्होल्टेज आहे, बॅटरी जोडली की ते खाली येतं. टेस्ट अर्ध्या मिनिटात उरका, कॉइल तापली की आकडा बदलतो आणि मग लोक बरोबर असलेला स्क्रू फिरवून ठेवतात. कटआऊटचे पॉइंट १२.७ ते १३.३ च्या दरम्यान टक् करून जुळले पाहिजेत.

पॉइंट काळे पडले असतील तर रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडमने (घासायच्या दगडाने) घासून स्पिरिटने पुसा, कटआऊटचे मात्र फक्त बारीक काचपेपरने, तिथे एमरी पेपर अजिबात नको. हा फरक फारसं कोणी पाळत नाही, पाळा. आणि शेवटी, जे मी सुरुवातीलाच करायला सांगणार होतो पण मग तुम्ही पुढचं वाचलंच नसतं : गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, रेस देऊन मीटरचं एक टोक डायनॅमोच्या डी वर आणि दुसरं बॅटरीच्या जिवंत, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या, टर्मिनलवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर चोर याच वाटेवर आहे. एकेक जोड मध्ये घेत जा, सापडेल. मला वाटतं तुमचं काम एका थिम्बलवर निभावेल.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी, जुनं मॉडेल, डायनॅमो. सिग्नलला थांबलो की लाल दिवा लुकलुकतो, हेडलाइट पिवळे पडतात. पुढे निघालो की सगळं ठीक. सगळे सांगतात डायनॅमो गेला. (पुणे)

उत्तर : गेला नाही, डायनॅमो असाच असतो. आयडलला तो इतका हळू फिरतो की त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या वर जातच नाही, कटआऊट उघडतो आणि सगळा लोड बॅटरीवर येतो. लुकलुकणं म्हणजे तो काठावर आहे. आयडल फार खाली सेट केलं असेल तर थोडं वर आणा, एवढंच.

पण तुमच्या पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये खरा प्रश्न हिशोबाचा आहे, तो एकदा कागदावर मांडा. हॅलोजन लावलेत का? ५५ वॉटचे दोन म्हणजे ९ अँपिअरच्या वर. इग्निशन कॉइल ३-४, टेल, नंबर प्लेट आणि मीटरचे दिवे मिळून २, वायपर ३, वर कोणी म्युझिक सिस्टिम आणि पंखा लावला असेल तर तो वेगळा. बेरीज सहज १८-२० होते, आणि त्या काळच्या डायनॅमोची पूर्ण ताकदच २० अँपिअरच्या आसपास, तीही गाडी रस्त्याला लागल्यावर. सिग्नलला ती शून्य. तेव्हा रस्ते मोकळे होते म्हणून हे गणित जमायचं, आता संध्याकाळी सहाला निघून आठला घरी पोचायचं असेल तर बॅटरी दर वेळी थोडी उणी होऊनच परत येणार. टेल, पार्किंग आणि आतले दिवे एलईडी करा, हेडलाइट मूळ वॉटेजवर आणा, आणि आठवड्यातून एकदा हायवेला तासभर काढा. (अल्टरनेटरवाल्या गाडीत लाल चार्जिंग दिव्याचा बल्ब मात्र एलईडी करू नका, का ते पुढच्या एका उत्तरात आहे.)

जाता जाता. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला रजिस्टर झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्यात बनलेली ही गाडी इतकी वर्षं तिथल्याच टॅक्सीवाल्यांच्या जिवावर स्वस्तात दुरुस्त होत होती. त्यांच्याकडे काम करून हात बसलेला एखादा आर्मेचरवाला तुमच्या ओळखीचा असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा.

प्रश्न : पद्मिनी १९९४, अल्टरनेटर आहे. चार्जिंग १४.१ दाखवतं म्हणजे ठीकच असेल ना, पण संध्याकाळी लावलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : १४.१ उत्तम आहे, तो भाग विसरा. एका रात्रीत चांगली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सेल्फ न घेण्याइतकी उतरायची तर दीड-दोन अँपिअर तरी सतत कुठेतरी जात असले पाहिजेत. हे लहानसहान नाही, एखादा अख्खा बल्ब जळत राहण्याइतकं आहे. (किंवा बॅटरीच सल्फेट झालेली आहे, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर बसून ती चार्ज धरत नाही, बाहेर काढून पूर्ण चार्ज करून एक रात्र मोकळी ठेवा आणि सकाळी मोजा, १२.६ राहिली तर ती निर्दोष.)

मग रात्री अंधारात गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. ब्रेक पेडलचा स्विच अडकला की स्टॉप लाइट जळत राहतात, २१ वॉटचे दोन म्हणजे साडेतीन अँपिअर, आणि दिवसा कोणाच्या लक्षातही येत नाही. डिक्कीचा दिवा असेल तर तोही बघा, फोनचा व्हिडिओ चालू करून डिक्कीत ठेवा आणि झाकण लावा, कळेल.

ते नसेल तर सगळं बंद करून, दार लावून बॅटरीचा मायनस काढा आणि मीटर १० अँपिअरच्या स्केलवर टर्मिनल आणि वायरच्या मध्ये लावा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर धूर होईल. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर वगैरे काही नाही, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा, म्युझिक सिस्टिमच्या मेमरीला थोडे मिलिअँपिअर सोडून द्या. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला त्या लाइनवर चोर. सगळे फ्यूज काढूनही पडत नसेल तर अल्टरनेटरची जाडी वायर काढून बघा. तिथे पडला तर डायोड (अल्टरनेटरमधला, करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) लीक आहे. हाताला पण कळतं हे, रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन गार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर दुसरं कारणच नाही. खात्री करायची तर गाडी चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा, बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं की डायोड गेलेला समजा. डायोड प्लेट वेगळी मिळते, अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नसते.

प्रश्न : गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचं, बंद नाही पडली तर चार्जिंग ओके, असं आमचे मिस्त्री करतात. बरोबर आहे का? (अमरावती)

उत्तर : नाही. आणि मिस्त्रींशी भांडण झालं तरी चालेल पण पुढच्या वेळी हात धरा. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी मधून काढली की व्होल्टेज क्षणात खूप वर उडी मारतं, त्यात डायोड आणि रेग्युलेटर जातात, म्हणजे तपासायला गेले आणि बिघडवून आले. डायनॅमोच्या जमान्यातली ही सवय आहे, तिथेही ती चांगली नव्हतीच, बल्ब उडायचे. शिवाय गाडी चालू राहिली म्हणून चार्जिंग बरोबर हे सिद्ध होतच नाही, इंजिनला जेमतेम तीनचार अँपिअर लागतात. मीटर लावायला दहा सेकंद लागतात : गाडी बंद असताना १२.६, चालू असताना रेस देऊन १३.८ ते १४.५. झालं.

प्रश्न : अल्टरनेटरवाली गाडी. चार्जिंगचा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागतच नाही, म्हणून मी खूश होतो. पण आता बॅटरी चार्ज होत नाही, एकदा जोरात रेस केली की मग होते. (म्हापसा)

उत्तर : बल्ब उडालाय. डायनॅमो स्वतःच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर उठतो, त्याला दिवा असला काय नसला काय. अल्टरनेटरला मात्र सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो, म्हणून तो बल्ब शोभेचा नाही, सर्किटचा भाग आहे. २.२ वॉटचाच बल्ब लावा, एलईडी लावला तर करंट पुरत नाही आणि परत हाच त्रास. किल्ली फिरवली की दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी चालू झाली की विझलाच पाहिजे, दोन्ही बघायचं.

प्रश्न : अँबॅसेडर, डायनॅमो. बॅटरीतलं पाणी पंधरा दिवसांत संपतं, बोनेट उघडलं की आंबट वास, हेडलाइटचे बल्ब सारखे जातात. उन्हाळ्यामुळे असेल का? (नागपूर)

उत्तर : नागपूरचा उन्हाळा बराच काही करतो पण बल्ब उडवत नाही. ओव्हरचार्ज आहे. बॅटरीवर मीटर लावून रेस द्या, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर आवरत नाहीये. स्क्रूला हात लावायच्या आधी ई टर्मिनलची अर्थिंग बघा. रेग्युलेटरची कॉइल अर्थिंगच्या भरवशावर व्होल्टेज ओळखते, अर्थिंग सैल झाली की तिला काहीच कळत नाही आणि डायनॅमो मोकाट सुटतो. असले निम्मे ओव्हरचार्ज एका स्वच्छ घासलेल्या स्क्रूने बरे होतात. पॉइंट चिकटलेत का तेही बघा.

व्होल्टेज बरोबर असूनही पाणी उकळत असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल मोजा. भरलेल्या बॅटरीत १.२६५ ते १.२८० यायला हवं, आणि एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल मेलाय, तिथे बॅटरीच बदलायची, इलाज नाही. पाणी डिस्टिल्डच. एसीमधून गळणारं पाणी शुद्ध असतं म्हणून लोक टाकतात, पण ते धूळ आणि धातूवरून वाहत आलेलं असतं, नका टाकू. आणि वास येत असताना तिथे बिडी-सिगरेट पेटवू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो.

प्रश्न : स्टँडर्ड हेरल्ड. लॉकडाऊनपासून उभी होती, आता इंजिन चालू केलं, पण चार्जिंग अजिबात नाही. कार्बन नवीन टाकले, बेल्ट नवीन. डायनॅमो मेला का? (सातारा)

उत्तर : बहुतेक विसरलाय फक्त. डायनॅमोच्या फील्डच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यावरच तो पहिला व्होल्ट बनवतो आणि मग स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. वर्षानुवर्षं पडून राहिला, किंवा बाहेर काढून ठोकाठोक झाली, किंवा कोणी बॅटरी उलटी जोडली की ते जातं किंवा उलटं होतं. इंजिन बंद, बॅटरी जोडलेली ठेवा. कटआऊटवरची एफ ची वायर काढून तिचं मोकळं टोक ए टर्मिनलला क्षणभर टेकवा, लहानशी ठिणगी पडेल, दोनतीनदा टेकवा आणि वायर परत जागेवर लावा. यात प्लस अर्थ की मायनस अर्थ हा प्रश्नच येत नाही, कारण डायनॅमो बॅटरी जशी जोडली आहे तशी दिशा पकडतो. पण बॅटरी लावायच्या आधी तुमची गाडी कुठली आहे ते बघून घ्या, त्या काळच्या ब्रिटिश घराण्यातल्या पुष्कळ गाड्यांत प्लस बॉडीला असायचा आणि आजकालचा पोरगा न बघता मायनस बॉडीला जोडून मोकळा होतो.

तरीही नाही उठला तर कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) काळा पडला असेल. बारीक काचपेपरने, आर्मेचर फिरवत फिरवत साफ करा. एमरी नको, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतात. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या वर आला असेल तर हॅकसॉच्या पात्याच्या तुकड्याने पाऊण मिलिमीटरभर खाली कोरून घ्या. मागच्या बुशात इंजिन ऑइलचे दोनतीन थेंब. जास्त ओतलं तर ते कार्बनवर येतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

प्रश्न : पेट्रोल जीप. सेल्फ मारला की चोकची केबल चटका बसेल इतकी तापते. चार्जिंगही कमीजास्त होतं. दोन्हीचा संबंध आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : आहे, आणि आजच बघा. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तुटली किंवा गंजली आहे. सेल्फचा शंभरदीडशे अँपिअर करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि ती त्याला चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमध्ये सापडते. केबल लाल होऊन आग लागल्याची उदाहरणं आहेत. डायनॅमो पण इंजिनवरच बसलेला, त्यामुळे त्याचा करंट पण याच मोडक्या वाटेने जातो आणि चार्जिंग हवेवर चालतं. नवी विणलेली तांब्याची पट्टी घ्या, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस. मग रेस देऊन इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचा अर्थ टर्मिनल यांच्यात मीटर लावा, ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे.

प्रश्न : १९६९ ची गाडी आहे, नव्या नियमात व्हिंटेज म्हणून रजिस्टर करायची आहे. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर लावला तर अडचण येईल का? आणि लावावा का? (ठाणे)

उत्तर : जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज धरतात, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि नूतनीकरणाची ५,०००. चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. अल्टरनेटर त्यात थेट बसत नाही, पण तपासणाऱ्याच्या मनात शंका कशाला आणायची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, अशा गाडीला डायनॅमोच ठेवा. महिन्यातून चार रविवार बाहेर पडणाऱ्या गाडीला तो पुरतो.

गाडी व्हिंटेज म्हणून न नोंदवता रोज ऑफिसला नेत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लावा, पण नीट. ब्रॅकेट असा करा की मूळ डायनॅमो भोक न पाडता परत बसेल, आणि तो डायनॅमो भंगारवाल्याला न देता तेल लावून कपाटात ठेवा. गाडी प्लस अर्थ असेल तर आधी ती मायनस अर्थ करावी लागेल, नाहीतर पहिल्या सेकंदाला डायोड उडतील. अल्टरनेटर ते बॅटरी नवी जाडी वायर ओढा, २० अँपिअरसाठी टाकलेल्या पन्नास वर्षांच्या वायरीतून ४० पाठवू नका. डॅशबोर्डवरचा अँपमीटर ३० पर्यंतचा असेल तर मुख्य करंट त्याच्यातून नेऊ नका, तो जळाला तर डॅशबोर्डच्या मागे जळतो. काळा डबा जागेवरच राहू द्या, आतून जोडणी बदलून तो नुसता जंक्शन म्हणून वापरता येतो, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल सारखं येतं, दोन महिन्यांत परत. (मालवण)

उत्तर : आधी चार्जिंगचं व्होल्टेज मोजा, ओव्हरचार्जमध्ये ॲसिडची वाफ जास्त येते आणि फूल लवकर धरतं. ते ठीक असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून, झाकणं घट्ट लावून, टर्मिनल जुन्या टूथब्रशने धुवा, साध्या पाण्याने परत धुवा, पूर्ण वाळवा, क्लॅम्प आणि पोस्ट आतून घासून चमकवा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आवळल्यानंतर, आधी नाही. काढताना बॉडीला जोडलेलं टर्मिनल पहिलं काढायचं आणि लावताना तेच शेवटी लावायचं, म्हणजे पाना चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.